मंगळीच्या सीटखाली

बोईसर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

देवू यास कैलासदादाचा नमस्कार. मंगळीला नमस्कार, सपनाला आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात. मी म्हटलं, सुगंधा, ग्रीस कमी पडलंय, तर तिने त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही. दुकानावर नवा पत्रा घातला. हल्ली गाड्या अशा येतात की बॉनेट उघडायच्या आधी लॅपटॉप उघडावा लागतो. तरी जुनी गिऱ्हाइकं अजून येतात, म्हणतात, कैलासशेठ, जरा कान लावा. मी कान लावतो, आणि पोट भरतं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. उचलला असतास तरी उपयोग नव्हता. फोनवर मी गोड बोलतो, हसता हसता विषय कुठल्या कुठे नेऊन ठेवतो, हे तुला माहीत आहे. कागदावर मला तसं जमत नाही. दिनानाथ रोज तुमच्या मासवणला रिक्षा घेऊन येतो, त्याच्या हाती देतोय.

परवा त्यानेच सांगितलं. मनोरच्या बाजारात भाजी नेताना उतारावर तुझी पिकअप एकदम मेली, मागून डंपरने ठोकलं, मंगळीचं कोपर मोडलं. तो सांगत होता आणि मी विचारलं, "लाइट, हॉर्न, सगळंच गेलं का?" तो म्हणाला, "शेठ, बाईचा हात मोडला सांगतोय, तुमी हॉर्न काय इचारता?"

तर आधी गाडीचं सांगतो.

सगळं एकदम जातं म्हणजे बल्ब, फ्यूज असलं किरकोळ नाही. वीज बॅटरीतून निघते आणि मधेच अडते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन क्लॅम्प घट्ट करायचा. मग अर्थिंगची पट्टी, बॅटरीतून चासीला जाते ती. बोल्टखाली गंज असेल तर पॉलिश पेपर मारायचा. मग इग्निशन स्विचच्या मागचा सॉकेट हलवून बघायचा.

हे सगळं तू केलं असशील. अकरा वर्षं माझ्या शेजारी उभा होतास, तुला हे सांगणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं. आल्टरनेटर तू उघडलास, बॅटरी नवी टाकलीस. आणि बॅटरी टाकायला सांगितलं ते मी.

मंगळी दिवाळीनंतर दुकानात आली होती, हे तिने तुला सांगितलंय की नाही कुणास ठाऊक. गोणपाटात आल्टरनेटर गुंडाळून बसने आली. सुगंधाने चहा दिला. मंगळी म्हणाली, "भाऊ, देवू म्हनलेला दादाकडं जाऊ नको. मीच आली, न सांगता. दादाचा कान चुकत नाय."

मी म्हटलं, काय होतं सांग. ती म्हणाली, "खड्ड्यात बंद पडते, ना पुढच्या खड्ड्यात आपोआप चालू होते. देवू म्हनते गाडीत भूत शिरलाय. आनी बंद पडायच्या आदी माझ्या सीटखालून किर्र वाजते."

देवू, मला त्या वेळीच कळलं. तिचं वाक्य संपायच्या आधी कळलं. दुकानात चार माणसं बसली होती, सुगंधा दारात उभी होती. मी आल्टरनेटर हातात फिरवला, खोटं खोटं कानाशी नेला आणि म्हणालो, "हा ठणठणीत आहे. बॅटरी गेली असेल, नवी टाका." ती किती खूश होऊन गेली. जाताना सुगंधाला तुमच्या वाडीतली कारली देऊन गेली.

सपना, तूच हे बापाला वाचून दाखवत असशील. इथून पुढचं त्याचं त्याला वाचू दे, असं लिहिणार होतो. पण तो चौथीपर्यंतच शिकलाय आणि माझं अक्षर म्हणजे वायरींचा गुंता. वाच बाळा, मोठ्याने वाच. तुझ्या आईलाही ऐकू दे.

मंगळी बसते त्या सीटखाली एक स्विच आहे. मी बसवलेला. त्याला आमच्या धंद्यात चोर स्विच म्हणतात. बॅटरीकडून फ्यूजबॉक्सला जाणारी जाड लाल वायर मधे कापून लपवून लावतात. बंद केला की चावी असूनही गाडी चालू होत नाही. बाहेरच्या चोरासाठी असतो तो. मी तुझ्यासाठी बसवला.

चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठव. गाडी आपली भागीची. तू वीटभट्टीवरची कमाई घातलीस, मी दुकानातली. गाडी बेटेगावला माझ्या अंगणात उभी राहायची, चावी दोघांकडे. सोमवारी सकाळी मीटर बघितलं की तीस-पस्तीस किलोमीटर जास्त. एक रविवार, दोन रविवार, पाच रविवार. मला वाटलं, देवू परस्पर भाडी मारतोय. विचारायला किती वेळ लागला असता? "काय रे, काल कुठे गेला होतास?" एवढंच. पण मी चोपड्याहून एक पिशवी आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेला माणूस. इथे जे केलं ते कुणावर भरवसा न ठेवता केलं, आणि त्याचीच मला घमेंड. मी विचारलं नाही. सीट उचलली, वायर कापून स्विच लावला आणि शनिवारी रात्री तो बंद करून ठेवला.

पुढच्या सोमवारी तू काय म्हणालास, ते शब्द जसेच्या तसे कानात आहेत. "दादा, काल गाडी चालूच नाय झाली. आमी ढकलली पन." लपवाछपवी नाही, काही नाही. चोर येऊन असं सांगतो का? तेव्हाही मी हसलो. म्हणालो, "रविवारी तीही सुटी घेते रे."

तू रविवारी पाड्यावर पाण्याचे ड्रम नेत होतास. मासवणला खाली नदी वाहते आणि तुमचा पाडा वर कोरडा. हे मला कुणी येऊन सांगितलं नाही. मेमध्ये मनोरला चहाच्या टपरीवर पाठमोरा बसलो होतो. मागे तुमच्या पाड्यावरच्या दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, "देवूची पान्याची गाडी आता येत नाय. शेठनी बंद केली असंल." दुसरी म्हणाली, "सोमी चढावर हंडा घेऊन पडली ना." सोमी म्हणजे तुझी आई, हे मला कळायला वेळ लागला नाही. चहा तसाच ठेवून मी उठलो.

त्या दिवशी घरी येऊन मी स्विच चालू करून ठेवला. काढला नाही. काढायचा तर सीट उचलायची, तू विचारणार, दादा हे काय? म्हणून नुसता चालू केला आणि वर मॅट सरळ केली. उलट तुलाच म्हणालो, "जरा मीटर लिहून ठेवत जा." पावसाळ्यानंतर आलास आणि म्हणालास, "मला वेगलं व्हायचा हाय." गाडी तू घेतलीस, दुकान मला राहिलं. मी सगळ्यांना सांगत फिरलो, देवूला पंख फुटले. लोकांना पटलं. मी सांगितलं की पटतं.

गाडीची कागदपत्रं दिली, स्टेपनी दिली, जॅक दिला. स्विचचं सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे का बसवला ते सांगावं लागलं असतं. एका जुन्या भंगार मशीनचा स्विच तो. धूळ, दमट हवा, खड्डे. आतली पट्टी झिजली असेल. मंगळी ऐकत होती ती किर्र तीच, पट्टी ठिणग्या टाकताना होणारी. तिचे कान माझ्यापेक्षा चांगले. आणि ते सांगायला ती माझ्याकडेच आली.

आता नीट ऐक. आधी बॅटरीची मायनस वायर सोडव, नाहीतर पाना चिकटेल आणि आग लागेल. डावी सीट चार बोल्टांवर आहे. मॅटखाली काळी टेप गुंडाळलेला तुकडा दिसेल. तो स्विच कापून फेक. मधे तेवढ्याच जाडीची वायर टाक, पातळ लावलीस तर तापेल. टोकांना तांब्याचे लग दाबून बोल्टने जोड, वर स्लीव्ह चढव. हे करेपर्यंत गाडी पाड्याखाली उतरवू नकोस. तुझ्या हाताला अर्धा तास पुरे. दुसऱ्या कुणाला दाखवलीस तर तो स्विच बघून हसेल आणि विचारेल, कोणासाठी बसवला होता? म्हणून तूच कर.

माफी लिहिणार नाही. दिवाळीनंतर मंगळी समोर बसली होती तेव्हा ती तोंडी मागता आली असती, आणि तिचा हात शाबूत राहिला असता. सुगंधाला हे सगळं काल सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "ती कारली आपण खाल्ली ना?"

गाडी दुरुस्त झाली की बोईसरला भाजी घेऊन येशीलच. माझ्या दुकानासमोरूनच रस्ता आहे. तिच्या इंजिनाचा आवाज मी शंभरात ओळखतो. सलग गेली, मधे अडखळली नाही, म्हणजे काम झालं असं समजेन. मी मान वर करणार नाही. तूही थांबू नकोस.

ज्याला तू दादा म्हणायचास तो,
कैलास