अनोळखी उपकरण

३ तारीख, सोमवार

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोणी रुजू करून घेतं, यातच अर्धं बक्षीस आलं. ठिकाण झकास आहे. गळ्याच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशी माणसं आधी इथे येतात आणि काचेच्या खोलीत बसून पानंच्या पानं वाक्यं वाचतात. त्यावरून संगणक त्यांचा आवाज शिकतो. पुढे ती जे टाइप करतील, ते त्यांच्याच आवाजात बोलून दाखवतो. माईक, संगणक आणि माणूस या तिघांचं आपसात जुळवून देणं, एवढंच माझं काम.

मुलाखतीत मी डॉक्टरांना सांगून टाकलं होतं की संगणकाने माझ्यापुढे आजवर नाटकं केलेली नाहीत. त्या हसल्या होत्या. स्वागतकक्षातल्या ताईंनी चहा यायच्या आतच माझं नाव ‘पंडित’ ठेवलं, कारण आल्या आल्या मी दारावरच्या पाटीतली चूक दाखवली. काय करणार, आधी संस्कृत शिकलो, मग छापखान्यात मुद्रितं तपासली, मग संगणकाच्या नादी लागलो. राहिलेला अनुस्वार दिसला की मला जेवण गोड लागत नाही.

संगणक उघडून पाहिला. उपकरणांच्या यादीत एका ओळीपुढे पिवळं चिन्ह होतं: ‘अनोळखी उपकरण’. म्हणजे काहीतरी जोडलेलं आहे, पण त्याचा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषी. तो नसला की यंत्राचं बोलणं संगणकापर्यंत पोचत नाही. सगळ्या वायरी हाताने चाचपल्या. जोडलेली प्रत्येक वस्तू यादीत आपापल्या जागी होती. हे एक जास्तीचं. खणात एक बिननावाची डिस्क सापडली, तिच्यातला ड्रायव्हर घातला. याची खात्री देता येत नाही, तरी बसवायचा का, असं संगणकाने विचारलं. मी हो म्हटलं. पिवळं चिन्ह गेलं, यादी निर्मळ झाली. घरी येताना शीळ घातली.

४ तारीख, मंगळवार

पहिल्या पाहुण्या आल्या: शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि त्यांची लेक. शस्त्रक्रिया पुढच्या शुक्रवारी. बाईंचा आवाज असा, की मागच्या बाकावरचा मुलगाही आपोआप ताठ बसावा. मीही बसलो. शेवटचं पान त्यांनी बाजूला काढून ठेवलंय. त्यावर घरातली वाक्यं आहेत, लेकीला ‘ठमे’ म्हणून हाक मारायची, जेवलीस का विचारायचं, अशी. ते आधी वाचलं तर रडू येईल आणि पुढचं सगळं ओलं होईल, म्हणाल्या. लेकीने मला हळूच सांगितलं की बाकीचं राहिलं तरी चालेल, पण ती हाक मात्र नीट घ्या. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

बाई ‘खिडकी लाव, वारा येतोय’ हे वाक्य वाचत असताना पडदा निळा झाला आणि संगणक बंद पडला. पुन्हा सुरू केला. थोड्या वेळाने पुन्हा निळा. मी म्हटलं, धूळ असेल.

६ तारीख, गुरुवार

धूळ झाडली. मेमरी तपासली. वीजपुरवठा बदलला, वायरी बदलल्या, पंखा बदलला. काल दिवसभर धडधाकट चालला आणि आज बाई बसल्या की पुन्हा निळा पडदा. एकदा तर त्या आपलं नाव-गाव सांगत होत्या तेव्हाच.

संध्याकाळी क्रॅशच्या नोंदी उघडल्या. संगणक कोलमडण्यापूर्वी कोणामुळे कोलमडतोय ते लिहून ठेवतो. या बाबतीत तो माणसांपेक्षा सज्जन आहे. प्रत्येक नोंदीत एकच नाव. मी सोमवारी घातलेला ड्रायव्हर.

म्हणजे निदान झालं. सांगायला हवं होतं. डॉक्टर दारात येऊन विचारून गेल्या, सापडलं का काही. मी म्हणालो, बाईंचे सकार फार धारदार आहेत, माईकला झेपत नाहीत. कुठून सुचलं कोण जाणे. पण इतक्या विद्वत्तेने म्हणालो की डॉक्टरांना पटलं.

७ तारीख, शुक्रवार

ड्रायव्हर काढून टाकला. संगणक सुरू केला, तो परत यादीत. पुन्हा काढला, पुन्हा हजर. शेवटी सगळ्या वायरी उपटल्या: माईक, छापयंत्र, अगदी माउससुद्धा. यादीतून एकेक नाव गेलं. ते एक राहिलं. आता त्यापुढे ‘अनोळखी’ नाही, नुसतंच ‘उपकरण’. आणि खाली: ‘व्यवस्थित चालू आहे’.

बाई आल्या तेव्हा ताईंनी नोंदीसाठी नाव विचारलं. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, मग पिशवीतून ओळखपत्र काढून पुढे केलं. ताईंना वाटलं घसा दुखतोय.

वाचताना बाई मुद्दाम हलक्या आवाजात वाचत होत्या. मध्येच थांबून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “माझ्यामुळे तुमच्या मशीनला त्रास होतोय, माफ करा हं. वर्गात ओरडून ओरडून सवय लागलीये.”

त्यांनी माझी माफी मागितली. मी ‘असू दे, असू दे’ म्हणालो. मोठ्या मनाने. हे लिहितानाही कान तापलेत.

१० तारीख, सोमवार

लेक मला गाठून बोलली. आईचे काही शब्द हरवताहेत, म्हणाली. रविवारी पाऊस आत येत होता तर आई खिडकीकडे बोट दाखवत उभी राहिली, बोलता काही येईना. स्वतःचं नावही तिला सांगता येत नाही. डॉक्टरांच्या मते मनावरचा ताण.

मी नोंदींशी ताडून पाहिलं. जे वाक्य वाचताना पडदा निळा झाला, तेच गेलंय. खिडकी. नाव. आणखीही, जी घरी अजून कोणाच्या लक्षात आलेली नाहीत.

लेकीला मी म्हणालो, काळजी करू नका, सगळं ठीक आहे.

११ तारीख, मंगळवार

बाईंना सुट्टी दिली. स्वतःवर प्रयोग केला. माईकपुढे बसून शाळकरी मुलासारखं सुरू केलं: रामः, रामौ— निळा पडदा.

आता मला पहिलं म्हणता येतं, तिसरं म्हणता येतं, मधलं येत नाही. जीभ तिथे पोचते आणि पायरी नसल्यासारखी खाली पडते. लिहिता येतं, वर लिहिलंच आहे. एकट्या माणसाला द्विवचनाची तशी गरज नसते, असा विनोद स्वतःलाच करून पाहिला. हसू आलं नाही.

घरून माझा लॅपटॉप आणला. कधीही या इमारतीत न आलेला. यादी उघडली. ‘उपकरण. व्यवस्थित चालू आहे.’

म्हणजे ते संगणकात नाही. खोलीत आहे. पूर्वीही असेल, पण त्याला ऐकू येत नव्हतं. दुभाषी मी दिला.

१२ तारीख, बुधवार

उद्या बाईंचं शेवटचं पान. परवा शस्त्रक्रिया. आज सांगायचंच, असं ठरवून आलो.

डॉक्टरांच्या दारापर्यंत तीनदा गेलो. एकदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा ताई समोर होत्या, त्यांच्यादेखत नको वाटलं. तिसऱ्यांदा डॉक्टर एकट्याच होत्या, मोकळ्या होत्या. मी विचारलं, चहा घेणार का.

नुसतं बोलून पाहावं, तोंडाला सवय होईल, म्हणून काचेच्या खोलीत गेलो. तिथलं बाहेर ऐकू येत नाही. संगणकाची वायर भिंतीतून काढली होती, मी स्वतः काढली होती. डोळे मिटून म्हणालो: चूक माझी आहे, बाईंची नाही, तो ड्रायव्हर मी घातला, ठाऊक असून गप्प राहिलो, बाईंना आत बसवू नका.

डोळे उघडले. वायर जमिनीवर. पडदा निळा.

१३ तारीख, गुरुवार

बाई आत बसल्या आहेत. मी बाहेर, टेबलाशी. समोर काच.

डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं, पंडित, सुरू करायचं ना? मी तोंड उघडलं. ते वाक्य नाही. त्यातला एकही शब्द नाही. दुसऱ्या शब्दांत सांगू पाहिलं, तेही— आठवडाभर जे म्हणत आलो तेवढंच निघालं. “सगळं ठीक आहे.”

‘नको’ म्हणून मान हलवू पाहिली. ताईंना वाटलं मी भारावलोय. हसल्या.

लेक जवळ आली, माझे आभार मानले. तुम्ही इतकी खटपट केलीत, म्हणाली. मी म्हणालो— तेच.

डॉक्टर गेल्या. लेक बाकावर बसली आहे. चार पावलांवर.

ही वही आहे. हिच्यात सगळं आहे. उठायचं, पान उघडायचं, तिच्या हातात द्यायचं. बोलावं लागत नाही.

पाय हलत नाहीत.

त्याने शब्द नेले. पाय नाही नेले. पाय माझेच आहेत— ते माझ्याच लाजेने— ती वाचेल, मग माझ्याकडे बघेल, आणि मला ते बघणं—

रेकॉर्डिंगचा दिवा लागला. बाई वाचताहेत. खणखणीत, पूर्वीसारखं. मीच सांगितलं होतं ना, सगळं ठीक आहे म्हणून.

लेक ऐकते आहे. डोळे पुसते आहे. हाक अजून यायची आहे.

उठतो.

पानाच्या तळाशी आल्या. काचेतून लेकीकडे बघताहेत. हसताहेत. तोंड—

उठतो आहे, आधी एवढं—