हात वर, हात खाली, साडेचार वर्षं

३ मार्च, सकाळ ६.४०
आजपासून रोजनिशी. रोज अर्धं पान, मुद्देसूद. घरात माझं कोणी ऐकत नाही, निदान वही तरी ऐकेल. मुलगी चिन्मयी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला मार्क कमी पडले, पुन्हा बस म्हटलं, बसली नाही. हात वर, हात खाली शिकायला साडेचार वर्षं. साताऱ्याला आमचे पी.टी.चे मास्तर हे एका तासात शिकवायचे, छडीसकट. शेवटी तह झाला. पंधरा तारखेच्या प्रॅक्टिकलला नापास झाली तर हे सोडून परत नीट. ती 'पक्का' म्हणाली. बायको मीनाक्षी साक्षीदार. मी तटस्थ.

४ मार्च
तिचं पुस्तक घेतलं. आठवड्यात संपवणार. अँटिरियर म्हणजे पुढचं, पोस्टिरियर मागचं. प्रॉक्सिमल जवळचं, डिस्टल लांबचं. साध्या गोष्टींना कडक इस्त्री केलीय, दुसरं काही नाही.
पान ११ वर ढळढळीत चूक. उजवा हात डावीकडे छापलाय. चिन्मयी इथे उत्तरेत वाढलेली, घरातही हिंदीच. म्हणाली, "बाबा यार, तस्वीर वाले का राइट होता है, देखने वाले का नहीं." म्हणजे चूक त्यांची आणि उलटं उभं राहायचं मी. प्रकाशकाला पत्र लिहिणार.

६ मार्च
पत्र राहिलं. उजवा खांदा जड आहे, ऑफिसच्या खुर्चीचा दोष. चार महिने केस डाव्या हाताने विंचरतोय. मेंदूची दुसरी बाजू तल्लख होते. मीनाक्षी म्हणते पोरीला दाखवा. पहिल्या वर्षाच्या पोरीला? त्यापेक्षा टक्कल बरं.

८ मार्च
मनीमाजऱ्याहून घरी येताना डावीकडे वळायचं होतं. ऑटोवाल्याला स्वच्छ हिंदीत 'दाएँ' म्हणालो, त्याने उजवीकडे घातली. थेट शेजारचं शहर, पंचकुला. कडाडून भांडलो. म्हणे, "आपने ही बोला था जी." या गावात चौक सगळे सारखे आणि ऑटोवाले सगळे बहिरे. माझ्या हिंदीला ऑफिसच्या हिंदी पखवाड्यातल्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस आहे. ते प्रमाणपत्र यापुढे खिशात ठेवणार.

११ मार्च
अर्धं पुस्तक राहिलंय, पण महत्त्वाचं झालं. ॲबडक्शन म्हणजे हात शरीरापासून लांब नेणं, ॲडक्शन म्हणजे जवळ आणणं. एका 'ब'चा फरक, मुद्दाम केलेला. मीनाक्षीला म्हटलं, चहा ॲडक्ट कर. कप उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिला 'ब' ऐकू आला म्हणे.

१२ मार्च
प्रॅक्टिकलला प्रत्येकीने घरचा एक माणूस मॉडेल म्हणून न्यायचा आहे. मीनाक्षी निघाली होती, मीच म्हणालो मी येतो. चिन्मयीचा चेहरा पडला. मनात काही नाही. परीक्षा परीक्षेसारखी व्हावी, एवढंच.

१५ मार्च, दुपार ३
परीक्षक मॅडम पंजाबी, चष्म्यावरून बघणाऱ्या. चिन्मयी मला म्हणाली, "बाबा, दायाँ हाथ साइड से ऊपर." मी डावा हात कानापर्यंत नेला, सफाईदार. मॅडम म्हणाल्या, "दायाँ, अंकल जी." मी म्हणालो, दायाँच आहे. डावा म्हणजे दायाँ, शब्दातच ऐकू येतं. वर्ग हसला. प्रमाणपत्र दाखवलं, मॅडमनी ते न वाचता परत दिलं. मग चिन्मयीने माझा उजवा हात धरून हळूच उचलला. खांद्याच्या खालीच अडकला. माझ्या तोंडून 'आई गं' निघालं, तेही मोठ्याने. तिने हात खाली ठेवला आणि विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, तू चुकीचा हात धरलास.
ती नक्की नापास. वाईट वाटतंय. येताना नीटच्या दोन क्लासची माहितीपत्रकं आणली.

१९ मार्च, सकाळ ८.१०
चिन्मयी वर्गात पहिली. मॅडमचा शेरा: 'मरीज़ ज़िद्दी है, दर्द छिपाता है, दाएँ-बाएँ का पता नहीं. छात्रा ने बहुत अच्छे से सँभाला.' मीनाक्षीने मोठ्याने वाचला, दोनदा. दायाँ म्हणजे उजवा, हेही शब्दकोशात काढून दाखवलं. हिंदीवाल्यांनी ठरवून केलंय.
काल डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. रोज व्यायाम. आज सातला चिन्मयीने सुरुवात केली. हात वर नेता नेता म्हणाली, आणि चक्क मराठीत, "मी नापास व्हावं असंच वाटत होतं ना तुम्हाला?" नाही म्हणालो. छताकडे बघत म्हणालो. ती म्हणाली, "श्वास सोडा."
उद्यापासून घोळ नको म्हणून तिने मार्करने माझ्या उजव्या मनगटावर 'उ' आणि डाव्यावर 'डा' लिहिलं. साबणाने जात नाही. ऑफिसात झाकायला कपाटातून पूर्ण बाह्यांचा शर्ट काढला. उजवी बाही काही केल्या चढेना. शेवटी तिलाच हाक मारली.