बोटांना ठाऊक असलेला आकडा

नोमालिझो,

मी पहिल्या गाडीने दवाखान्यात चालले आहे. बिअरची लापशी मोठ्या डब्यात निवत ठेवली आहे. मोड आलेल्या ज्वारीचं पीठ तिच्यात तू घाल.

मागच्या खेपेला मला लापशी कोमट वाटली, म्हणून पीठ घातलं, आणि बिअर फेसाळलीच नाही. शेजारची नोझिपो म्हणाली, "मामक्वाथी, ही प्यायची की चमच्याने खायची?" मी थंडीला दोष दिला. खरं म्हणजे लापशी कढत होती आणि माझ्या बोटांना ते कळलं नाही. लुंगिसाला एवढ्यात सांगू नकोस, आईची काळजी करत बसेल.

वर्षापूर्वी वारलेल्या तुझ्या सासऱ्यांच्या आत्म्याला शनिवारी विधी करून घरी बोलवायचं आहे. पहिला घोट त्यांचा. बिनफेसाची बिअर त्यांच्यापुढे कशी ओतू?

तू तापमापी आणलीस तेव्हा मी म्हणाले होते, "बिअरला काय ताप आलाय?" आता तीच काढ. तान्ह्याच्या आंघोळीच्या पाण्याइतकी लापशी तुझ्या बोटाला ऊन लागली, की तापमापी बुडवून आकडा बघ. मग पीठ घालून डबा घोंगडीत गुंडाळ.

तो आकडा दारामागे खडूने मोठा लिही. साठ वर्षं तो माझ्या बोटांना ठाऊक होता, पण किती ते मला कधी कळलं नाही. आता म्हातारपणी लिहायला शिकले, आकडेही वाचता येतात. आल्या आल्या बघेन.

आई