पाच नंबरच्या खालची खोली

सोमवार, ३ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात प्रवासाच्या पानावर ते बंदराचं गाव घ्या. स्वस्तात राहायच्या पाच जागा." मी म्हणाले, तिथे बघण्यासारखं काही नाही. "तुम्ही गेला आहात का कधी?"

नाही म्हणाले! जिथे जन्मले, जिथे वीस वर्षं काढली, त्या गावाबद्दल तोंड वर करून — नाही!

साहेबांना काय, साप्ताहिकाची मागची तीन पानं भरली की झालं. सोमवारी मी 'मावशी' होते आणि लोकांच्या संसाराला सल्ले देते. बुधवारी 'भटक्या' होते आणि प्रवासाच्या युक्त्या सांगते. (भटक्याने गेली चार वर्षं शहराची वेस ओलांडलेली नाही. वाचक कळवतात, मी सजवून लिहिते.) शुक्रवारी 'साक्षीदार' होते, खऱ्या खुनांच्या गोष्टी लिहिते. त्या सगळ्यांत जास्त वाचल्या जातात. तिन्ही पानांवर माझं नाव कुठेच नाही, आणि तेच बरं आहे.

पाच जागा. त्यातली एक आईचं लॉज. आता काय करू?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरचे फ्रेमवाले जिन्यात भेटले. चष्म्याच्या फ्रेमा विकतात, दोन पेट्या घेऊन गावोगाव हिंडतात. सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या बंदराच्या गावी उतरता कुठे?

"एकच जागा आहे ताई. धक्क्याच्या मागे. म्हातारी एकटी चालवते. चादरी अशा कडक इस्त्रीच्या, की अंगावर घ्यायला संकोच वाटतो."

"कशी आहे?"

"लॉज ना?"

"हो. लॉजच."

म्हणाले झकास आहे. मी मान हलवली नि वर आले. दार लावून तशीच उभी राहिले. एवढंच हवं होतं का मला, चादरी कडक आहेत एवढं? तरी दिवसभर तेच चघळतेय. म्हणजे अजून स्वतःच इस्त्री करते! म्हणजे हात चालताहेत!

रविवार, ९ फेब्रुवारी

फ्रेमवाले सतराला तिकडे जाणार. त्यांना प्रश्नांची यादी दिली — वाचकांसाठी! गरम पाणी किती वाजता, चहा कसा, मालकीणबाई जिने चढतात का, कानांनी नीट ऐकू येतं का, तब्येत उतरली आहे का.

यादी वाचून हसले. "वाचकांना म्हातारीचे गुडघे कशाला हो, ताई?"

म्हटलं, हल्ली वाचकांना सगळंच हवं असतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते. इथे नाही तर कुठे लिहिणार?

लॉजच्या पाच नंबरच्या खोलीत एका नवऱ्याने बायकोला ठार मारलं. आई आणि मी तेव्हा चांगल्या बोलत होतो. मी सुट्टीत गेले होते. मागच्या ओट्यावर बसून मटार सोलत होतो, आणि मान वर न करता आई म्हणाली, "मी ऐकलं होतं गं." दुपारी दीडची वेळ. ती पाच नंबरच्या बरोबर खाली, तिच्या खोलीत आडवी झाली होती. वरून तीन थापा आल्या. थांबून थांबून. "मला वाटलं पलंग सरकवताहेत. कूस बदलली." पोलिसांनाही तिने सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

सात महिन्यांनी मी ती गोष्ट लिहिली. गाव बदललं, माणसं बदलली, बंदराचं स्टेशन केलं. पण ते वाक्य सोडवलं नाही. 'खालच्या खोलीत एक बाई आडवी झाली होती. तिने थापा ऐकल्या, आणि कूस बदलली.' लिहिताना अंगावर काटा आला, आणि मूर्खासारखी खूश झाले! पोतंभर पत्रं आली. साहेबांनी पेढा द्यावा तसं मला शुक्रवारचं पान कायमचं देऊन टाकलं.

गावाने दोन दिवसांत ओळखलं. गिऱ्हाईक आटलं. पुढचं मामीने सांगितलं. त्या मेलेल्या बाईचा भाऊ आला, काउंटरपाशी उभा राहिला, हातात आमचा अंक. "हे खरं आहे का?" आई म्हणाली, हो.

मला फोनवर एकच बोलली. "चांगलं लिहिलंयस. आता इकडे येऊ नकोस."

अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी फोन करत होते, ती उचलून ठेवून देत होती. त्या ठेवण्याचा आवाजसुद्धा मला हवासा वाटायचा, कारण तो तिने केलेला असायचा. मग मीही थांबले. का थांबले? अभिमान, आणखी काय! चूक माझी आणि रुसवाही माझाच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

फ्रेमवाले गेले. चित्त थाऱ्यावर नाही. मावशीने आज एका सासूला सुनेचा सल्ला पाठवला आणि सुनेला सासूचा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आले! त्यांना चहाला बोलावलं, बिस्किटांचा डबा अख्खा पुढे ठेवला, वही घेऊन बसले.

गुडघे दुखतात, पण जिने चढते. कारण राहतेच वर — पाच नंबरमध्ये. "त्या खोलीत कुणी उतरायला तयार नसतं, म्हणून स्वतः राहते म्हणे. स्वतःची खालची खोली पाहुण्यांना देते. मला तीच मिळते."

माझा हात थांबला. मी लिहून घ्यायची ते वाट बघत होते. मी काहीतरी खरडलं.

"एक मात्र विचित्र आहे हं ताई. दुपारी जेवून मी जरा पडतो. उठलो की चहा घेऊन येते आणि विचारते, काही आवाज आला का वरून? मी म्हणतो, नाही. म्हणते, खरं सांगा. म्हटलं, खरंच नाही. तर म्हणते, तुम्ही भले आहात, तुम्ही नाहीच म्हणणार. दर खेपेला हेच! त्या खोलीत जो उतरतो त्याला विचारते." आणि कपाळाशी बोट फिरवलं.

मी एवढी भडकले, की बिस्किटांचा डबा उचलून आतच नेला. बिचारे ओशाळले. त्यांना काय ठाऊक!

म्हणजे ती रोज दुपारी वर जाऊन जमिनीवर थापा मारते. अकरा वर्षं. आणि खाली येऊन विचारते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मावशीला पत्र. एक जण आईशी सहा वर्षं बोलत नाही. काय करू? मावशीचं उत्तर — 'पत्र वाचून होताच निघा. उद्यावर टाकू नका. आईच्या दारात मान खाली घालून उभं राहण्यात कसला कमीपणा?'

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! साहेब म्हणाले, आज मावशी फॉर्मात आहे.

बुधवार, ५ मार्च

पान गेलं. आईचं लॉज पहिल्या नंबरवर. तीन वेळा काढलं, चार वेळा घातलं. शेवटी भटक्याने लिहिलं — 'मागच्या बाजूची खोली मागा. खिडकीची कडी आधी वर उचलून मग फिरवावी, नाहीतर उघडत नाही. सकाळी सहाला नावा निघतात, त्यांचा आवाज ऐकत पडून राहा. चहा स्वतःहून येईल, हाक मारू नका.'

कडीचं वाचकांनी कुणी कळवलेलं नाही. साहेबांच्या लक्षात आलं नाही. आईच्या लक्षात येईल का? तिने ते वाचावं म्हणूनच लिहिलं, उगाच कशाला सोंग करू. मला घरी जायचंय. चव्वेचाळीस वर्षांची घोडी झाले, आणि मला आईकडे जायचंय!

शनिवार, ८ मार्च

काही नाही.

शुक्रवार, १४ मार्च

संध्याकाळी बेल वाजली. फ्रेमवाले, पेट्यांसकट. घरीसुद्धा गेले नव्हते, थेट वर आले.

म्हणाले, "ताई, म्हातारीने तुमचं पान काउंटरवर पसरून ठेवलं होतं. मला म्हणाली, हे लिहिणाऱ्याला माझ्या खिडकीची कडी कशी माहीत? मी कौतुकाने म्हटलं, अहो, त्या आमच्याच इमारतीत राहतात, खुनाच्या गोष्टीही त्याच लिहितात. तर ती खुर्चीत बसली. पेला भरून पाणी दिलं मी."

मग माझ्याकडे बघितलं. "ताई... त्या तुमच्या कोण?"

सांगितलं.

"अरे देवा. आणि मी तुमच्यापुढे असं बोट फिरवलं!" पेटीवरच बसले बिचारे. मग म्हणाले, "निरोप आहे. म्हणाल्या, तिला सांगा — खालची खोली तिच्यासाठी रिकामी ठेवलीय."

मी त्या माणसापुढे भोकाड पसरून रडले. त्यांनी काय करावं? पेटी उघडून चष्मा पुसायचं फडकं दिलं.

शनिवार, १५ मार्च

साहेबांकडे पुढच्या शनिवारपासून आठवड्याची रजा मागितली. "कुठे निघालात?" म्हटलं, त्या बंदराच्या गावी. "तिथे तर बघण्यासारखं काही नाही ना?"

बॅग तीनदा भरली. सतरा लेख लिहिलेत बॅग कशी भरावी यावर, आणि मोजे राहिलेच.

काय बोलायचं ते पाठ करतेय. माफ कर, एवढंच. त्याला कारण जोडायचं नाही, त्याच्यापुढे 'पण' लावायचा नाही.

शनिवार, २२ मार्च

पोचले. दारात मान खाली घालून उभी राहिले, मावशीच्या सल्ल्याप्रमाणे. आई म्हणाली, "आलीस? पाय पूस."

केवढीशी झालीय! काउंटरच्या मागे नुसतं डोकं दिसतं. केस पार पांढरे. हात मात्र तेच. मला ते हात धरायचे होते, पण तिने माझ्याच हातात चादर कोंबली. दोरीवरून चादरी काढल्या होत्या, घड्या घालायच्या होत्या. ती एक टोक धरून तिकडे, मी इकडे. जवळ येतो, टोकं जुळवतो, लांब जातो. चौथ्या चादरीला ती जवळ आली तेव्हा मी म्हणाले, "आई, माफ कर."

"ओढून धर. कोपरा सुटतोय."

सगळ्या चादरी झाल्या. मग पायरीवर बसली आणि आपणहून बोलली. सगळं लक्षात ठेवायचंय, म्हणून लगेच लिहिते.

"मी खूप रागावले होते तुझ्यावर. अजून आहे थोडी. पण तो राग वेगळा. मला सांग, ती वरची तक्तपोशी केवढी जाड आहे. माझ्या बापाने घातली, बोटीच्या फळ्यांची. त्यातून थाप कशी ऐकू येईल? कधी वाटतं मी ऐकलंच नाही. बाई मेली म्हणून नंतर माझ्या मनाने रचलं. मग वाटतं, नाही, ऐकलं. एक दिवस असा, एक दिवस तसा. माझं आता वय झालं गं. एकदा कळायला हवं."

"म्हणून पाहुण्यांना विचारतेस?"

"ते नाही म्हणतात. भली माणसं. म्हातारीला कोण दुखवेल? त्यांच्या नाहीला काय किंमत?" माझ्याकडे बघितलं. "तू माझी कधी गय केली नाहीस. छापून मोकळी झालीस. तू सांगशील ते मला पटेल. उद्या दुपारी तू खाली पड. मी वर जाते."

मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, एकदाच. म्हणाली, केस किती गळताहेत तुझे, तेल लावत नाहीस का.

रविवार, २३ मार्च

दीडला तिच्या जुन्या पलंगावर आडवी झाले. खिडकी लावली.

तीन थापा. थांबून थांबून. स्वच्छ! पलंग सरकवल्यासारखं त्यात काही नव्हतं. कुणीतरी तळहात आपटतंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ती जिना उतरून आली, चौकटीला धरून उभी राहिली. "ऐकलंस?"

"नाही."

"नीट आठव."

"काही नाही, आई. मी जागीच होते. काहीसुद्धा ऐकू आलं नाही."

तिने चौकट सोडली. मग म्हणाली, "सरक तिकडे," आणि माझ्या शेजारी आडवी झाली. आता घोरतेय.