लक्षाची गोळी

५ जानेवारी १९८६, मुलुंड
आजपासून राणेंकडे कामाला. खोली झकास, खिडकीतून डोंगर दिसतो, आणि पेशंटच्या पलंगाशेजारी माझी स्वतःची खाट! चेंबूरला आम्ही सगळ्या जमिनीवरच झोपतो. पेशंट गुणाजीकाका गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. आता कंपवात. हात थरथरतात, पण खरा त्रास डोक्याचा. घास हातात घेतात आणि तोंडात घालायचा विसरतात. बोलता बोलता मधेच हरवतात. सून रत्नप्रभाताई टेलिफोन खात्यात. दिवसभर घरी आम्ही दोघंच.

१४ जानेवारी
लक्ष लागावं म्हणून डॉक्टरांनी नवी गोळी दिलीय. थरथरीची जुनी चालूच. काकांनी मला तीळगूळ दिला, मग माझ्या खाटेकडे हात केला. "तिका पण दी."
खाटेवर कोणी नव्हतं.

२२ जानेवारी
रोज दुपारी तेच. खाटेवर बाई बसलीय म्हणे, पदराने वारा घेतेय. डॉक्टर म्हणाले, थरथरीच्या गोळीने भास होतात, डोकंही गढूळ होतं. ती बंद केली.

४ फेब्रुवारी
हात फारच हलतात, कप धरवत नाही. पण डोकं लख्ख! मी पेपर वाचून दाखवताना माझ्या चुका काढतात. त्या बाईचं नावही काढत नाहीत. ताईंना रडूच आलं. मी मात्र फार दमते. दुपारी खाटेवर टेकलं की अंग शिशाचं होतं.

९ फेब्रुवारी
काका आज हळूच म्हणाले, "गेली नाय ती. मी सांगूचा सोडलंय." सांगितलं तर डॉक्टर ही लक्षाची गोळीपण काढतील, आणि पुन्हा ते धुकं त्यांना नकोय. आधी ती ओळखू येत नव्हती, आता येते. सुंदराबाई. माझ्याआधी त्यांचं सगळं करायची.
संध्याकाळी ताईंना विचारलं. म्हणाल्या, दुपारी दमून खाटेवर पडली, ती उठलीच नाही. सांगितलं असतं तर तू आली असतीस का गं?

११ फेब्रुवारी
जाते म्हटलं, तर ताई दुसरी बाई मिळेपर्यंत थांब म्हणतात. काकांना एकटं कसं टाकू? खाटेवर बसत नाही. फरशीवरच.

१३ फेब्रुवारी
फरशीवर डोळा लागला. जाग आली ती खाटेवर—
मी चढले नव्हते. कशी—

दुपार
अंग उचलवत नाही. काका ओरडतायत, ऊठ गो नलिनी, निजू नको — त्यांना पलंगावरून उतरता येत नाही — म्हणतात, ती सरकतेय, तुका जागा करता—
खरंच फार दमलेय.
उशी गरम आहे. माझ्या बाजूची नाही, त्या—