काकांचा हात

बुधवार, संध्याकाळ

आज आईचं नगराध्यक्षपद गेलं. तिच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला आणि तो मंजूर करणारा शेवटचा हात माझ्या सख्ख्या काकांनी वर केला. मी सभागृहाच्या खिडकीतून पाहिलं. काहून केला असेल? सकाळी त्याच हातांनी त्यांनी माझी वेणी घालून दिली होती!

मघाशी आम्ही जेवत असताना काका घरी आले, पण ओट्यावरच बसले. बाबा दार लावायला उठले. आई म्हणाली, "थांबा. भाऊजी, जेवायला या."

"वहिनी, मला लई तकलीफ होऊन राहिली."

"मलाबी होऊन राहिली. पण लेकरू बघून राहिलं ना."

काका आत आले, तसे बाबा ताटावरून उठून गेले. काकांनी घास मोडला, पण त्यांचा हात तोंडापर्यंत जाईना. मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्याकडे पाहिलं मात्र न्हाई.