मैदानावर बेस म्हणजे बेस

१ डिसेंबर १९९६, रविवार. सकाळी ७
बँकेने फुकट दिलेली डायरी अकरा महिने कोरी. आज कारण मिळालं.

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीची शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हरणीवाल्यांशी सॉफ्टबॉलची मॅच. कप्तान मी. निवड एकमताने झाली. मीटिंगला मी आणि यशश्री दोघंच होतो आणि ती बुटाची नाडी बांधत होती.

यशश्री म्हणजे आमची मुलगी. युनिव्हर्सिटीकडून खेळते. बडोद्यात मांजलपूरच्या ह्या भागाला सॉफ्टबॉलचं खूळ तिनेच लावलं. तीन फेब्रुवारीला बंगलोरला कॉम्प्युटर कंपनीत रुजू होणार. हरणीकडून गेली दोन्ही वर्षं हरलो. जायच्या आधी एकदा जिंकायचंय बाबा, म्हणाली. ही मुलगी कधी काही मागत नाही. मी म्हटलं, झालंच समज.

संकल्प: रोज पहाटे धावणे. सेव-उसळ बंद. वरची तिखट तरी तर स्वप्नातसुद्धा नाही.

त्याच दिवशी, ११ वाजता
प्रॅक्टिस छान. सेव-उसळ खाल्ली. संकल्प उद्यापासून, कारण रविवारी कुठलंच सरकारी काम सुरू होत नाही.

दोष जागेचा आहे. तिसऱ्या बेसला लागूनच मोहनरावांची सेव-उसळीची गाडी. माणूस मूळचा साताऱ्याकडचा, पण गिऱ्हाईक दिसलं की फडक्याने बाक पुसत गुजरातीत बेसो, बेसो म्हणतो. इतक्या अगत्याने कोणी बसा म्हटल्यावर उभं राहणं माझ्या स्वभावात नाही.

३ डिसेंबर
धावलो नाही. पहाटेचा गजर बायकोला, अहल्येला, ऐकू आला, मला नाही. कारण उघड आहे. माझे कान बारीक आवाजाला तयार झालेत, ढोबळ आवाजाची दखल घेत नाहीत. रिफायनरीत फिटर म्हणून बडोद्याला आलो तेव्हा हातात एक पाना होता. आज मकरपुऱ्याला स्वतःचं वर्कशॉप, गॅस्केट बनवतो. सगळं कानाच्या जोरावर. पंप कुठे गळतोय ते न उघडता सांगतो. बायको म्हणाली, पंपाचं ऐकता तसं कधी माणसाचं ऐका.

संध्याकाळी तिला खेळ समजावला. चार कोपरे, त्यांना बेस म्हणायचं. बॉल मारायचा, कोपरा कोपरा पळायचं, चौथ्या कोपऱ्याला होम म्हणतात, तिथे पोचलं की एक रन. म्हणाली, म्हणजे मांडवीला भाजी आणायला जाता तसंच, निघता घरून आणि परत येता घरी, मधे नुसते फिरता.

८ डिसेंबर, रविवार
आज जे झालं ते जगात दुसऱ्या कुठल्या मैदानावर होणार नाही.

जयमीन आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा, बँकेत क्लार्क. दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे असा सुटला होता की बघत राहावं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, बेस! बेस!

तो बसला. वाटेतच. मांडी घालून.

आउट. जाब विचारला तर म्हणाला, काका, तुम्हीच म्हणालात बेस, मला वाटलं बॉल डोक्याला लागतोय. वर बाल्कनीत त्याची आई हर्षिदाबेन, सोसायटीच्या सेक्रेटरी. त्या खूश. म्हणाल्या, माझा दीकरा मोठ्यांचं ऐकतो, तुमच्या टीममध्ये दुसरं कोण ऐकतं?

दुपारी नोटीस बोर्डावर मराठी, गुजराती आणि इंग्रजीत लावून टाकलं: मैदानावर बेस म्हणजे बेस. बसणे असा अर्थ कोणीही, कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये. हुकमावरून, कप्तान.

यशश्री म्हणाली, बाबा, त्यापेक्षा सरळ पळ म्हणा ना. मी म्हटलं, मग नियम कशाला केला?

१५ डिसेंबर
केबलवर अमेरिकेतली मॅच पाहिली. कोच दोन्ही हात खाली दाबून दाखवतो, म्हणजे घसरत जायचं. सगळ्यांना ही खूण शिकवली. मग स्वतः करून दाखवलं. मला वाटलं मी घसरलो. यशश्री म्हणाली, तुम्ही फक्त आडवे झालात, पुढे गेला नाहीत, घसरायला आधी वेग लागतो. ट्रॅकपँट गुडघ्यावर फाटली. हल्ली कापडात दम नाही.

मग ती बाजूला घेऊन म्हणाली की बाबा, तुम्ही ह्या वर्षी बाकावर बसून टीम सांभाळली तर? मोठे कप्तान तसंच करतात. तिच्या मुद्द्यावर मी पूर्ण विचार केला. नाही म्हटलं.

२२ डिसेंबर
बॅटिंगला गेलो आणि काय सांगू! बाल्कन्यांतून घोषणा सुरू. बेस ओ काका, बेस ओ! बायका, म्हातारे, दूधवाला. नियम लोकांनी एवढा मनावर घेतला असेल असं वाटलं नव्हतं. तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा बॉल लागला नाही, पण घोषणा थांबल्या नाहीत. उलट वाढल्या. याला म्हणतात लोकांचं प्रेम.

सेव-उसळ: एकच प्लेट. एक पाव परत पाठवला. पाव शिळा होता, पण निग्रह तो निग्रहच.

२५ डिसेंबर
पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर गेलो, तिथल्या यंत्रावर वजन केलं. कार्डाच्या मागे भविष्य: आपल्या हालचालींकडे सर्वांचे लक्ष राहील. अगदी बरोबर. पुढच्या बाजूचा आकडा मात्र छपाईत चुकलाय.

१ जानेवारी १९९७
नवं वर्ष, नवी डायरी. ही गिऱ्हाइकाकडून, चामडी कव्हर.

सेव-उसळ बंद म्हणजे नेमकं काय बंद, ह्याचा कधी शांतपणे विचारच केला नव्हता. बंद आहे ती सेव. उसळ कडधान्य, डॉक्टरसुद्धा नाही म्हणणार नाहीत. पळायला ताकद कुठून येणार?

५ जानेवारी
मोहनरावांनी न विचारता सेव घातली. परत काढायला लावणं म्हणजे माणसाचा अपमान. शिवाय सेवेशिवाय तरी अंगावर येते.

१४ जानेवारी, उत्तरायण
प्रॅक्टिस नाही. दिवसभर हर्षिदाबेनच्या गच्चीवर पतंग. मान वर करून आभाळाकडे बघत राहणं हा उंच कॅचचा उत्तम सराव, हे टीममधल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. उंधियु, जिलबी, परत उंधियु.

१९ जानेवारी, रविवार
शेवटची मोठी प्रॅक्टिस. कॅच सुटले, पण सूर्य समोर होता. दुसऱ्या डावात सूर्य मागे होता, तेव्हा सावली समोर होती.

मागे दोघं दबक्या आवाजात बोलत होते की काका नसतील तर मॅच बघायला येण्यात काय मजा. तीक्ष्ण कानांचा हा फायदा, माणसं तोंडावर स्तुती करत नाहीत.

बॅटिंगचा क्रम मीच लावला. माझ्यानंतर लगेच यशश्री. मी बेसवर असेन, ती मोठा फटका मारेल, बाप पुढे, लेक मागे, दोघं होमला. जयमीनला कॅमेरा तयार ठेवायला सांगितलाय. यशश्रीने तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, चालेल, पण एक कबूल करा. तिसऱ्या बेसवर पोचलात तर मी मारल्याशिवाय हलायचं नाही. मी कबूल केलं. ह्यात कबूल करण्यासारखं काय होतं देव जाणे.

२५ जानेवारी, संध्याकाळ
अहल्येने पोळ्या लाटता लाटता विचारलं, तुम्हाला तिला जिंकवायचंय की तुम्हाला खेळायचंय? बायकांना खेळातलं कळत नाही. दोन्ही एकच आहे.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी ८
झेंडावंदन झालं. पोट एकदम हलकं. नुसते पोहे. आणि मोहनरावांनी शकुनाची म्हणून दिलेली एक प्लेट, ती नाकारणार कशी? आज इतिहास घडणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
गुडघ्याला हळद. काय झालं ते शांतपणे लिहितो, म्हणजे चूक कोणाची ते आपोआप दिसेल.

शेवटचा डाव. आम्ही एका रनने मागे. आमचे दोन आउट, तिसरा झाला की खेळ खलास. माझी बॅटिंग. बॅट फिरवली आणि लागली! बॉल हरणीच्या दोन फील्डरच्या मधोमध गेला. दोघंही खानदानी घरचे. तमे ल्यो, ना ना तमे ल्यो, असा आग्रह चालला आणि बॉल थेट भिंतीपर्यंत. मी पहिला बेस घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्यावर पोचलो तेव्हा छातीत वर्कशॉपचा जुना कॉम्प्रेसर चालू होता.

समोर बॅट घेऊन यशश्री. मी होमला आलो की बरोबरी, ती आली की जिंकलो. ठरवलं होतं अगदी तस्संच. तिने मला हाताने खूण केली, तिथेच थांबा.

आणि तेवढ्यात अख्खी सोसायटी उठली. बेस ओ काका, बेस ओ! हर्षिदाबेनने तर प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर उचलून धरली. मोहनराव गाडीमागून ओरडले, बेसो शेठ, बेसो! आणि सगळ्यांचे हात खाली दाबलेले. सगळ्यांचे! बेस. घसरा. मीच शिकवलेली खूण, मीच केलेला नियम. एवढी माणसं सांगतायत म्हणजे त्यांना काहीतरी दिसत असणार. बॉल कुठे होता ते मी पाहिलं नाही. (बॉल टाकणाऱ्या पिचरच्या हातातच होता.)

निघालो. घसरलो. होमच्या हातभर अलीकडे थांबलो.

हरणीचे कप्तान प्रतापसिंहराव होमपाशी कॅचर होते. साठी उलटलेला वाळका माणूस, श्वाससुद्धा लागला नव्हता. पिचरने बॉल त्यांच्याकडे टाकला. ते वाकले आणि झोपलेल्या पोराला उठवावं तसा तो हलकेच माझ्या खांद्याला टेकवला. म्हणाले, चला विश्वंभरराव, झालं.

यशश्री बॅट धरून तशीच उभी. एक बॉल खेळायला मिळाला नाही. मग तिने बॅट खाली ठेवली आणि माझा बूट सैल केला.

नंतर चौकशी लावली. हर्षिदाबेनना स्पष्ट विचारलं, बेस म्हणून का पळवलंत? त्या म्हणाल्या, पळवलं? आम्ही बसा म्हणत होतो, तुमचं तोंड बीटासारखं लाल झालेलं, खुर्ची दाखवली तरी कळेना! मी म्हटलं, बोर्डावर नोटीस आहे. त्या म्हणाल्या, ती मीच वाचली हो, पण माणूस पडायला लागला की बोर्ड कोण बघतो? आणि हात? हात तुम्हाला खाली बसवायला, दुसरं काय?

जयमीन मध्येच म्हणाला, काका, आम्ही तर डिसेंबरपासून हेच म्हणतोय.

डिसेंबरपासून.



३१ जानेवारी, शुक्रवार
स्टेशनवर यशश्रीला गाडीत बसवलं. चार बॅगा, लीलो चेवडा, बाकरवड्या. मी खिडकीपाशी उभा. बोलायचं बरंच होतं, मी ग्लव्ह नीट ठेवलास का एवढंच विचारलं.

मग तीच म्हणाली, बाबा, खरं सांगू, तेव्हा माझे पाय लटपटत होते, माझा फटका गेलाच नसता, तुम्ही मला वाचवलंत. आणि हसली.

तिचे पाय लटपटत नव्हते. तिसऱ्या बेसवरून मला स्वच्छ दिसत होते. ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. एवढं ऐकू आलं मला.

गाडी हलली तेव्हा बरोबर चार पावलं पळायला गेलो. आतून ओरडली, बाबा, पळू नका! थांबलो.

२ फेब्रुवारी, रविवार
नोटीस काढून आणली. टाचण्या परत डबीत.

जयमीन नवा कप्तान. प्रॅक्टिसला गेलो, नुसता बघायला. तिसऱ्या बेसपाशी मोहनरावांनी बाक पुसला. म्हणाले, बेसो शेठ.

बसलो.